आटलेलं वाण

संक्रांतीला वाण काय लुटायचं, ह्याची चर्चा आमच्या घरी दिवाळीचा चिवडा संपायच्या आत सुरू होते. गाळणी, साबणदाण्या, चिमटे, रुमाल, सगळं लुटून झालेलं. शिवाय आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात लुटलेलं वाण इंदिरानगरातच फिरत राहतं. सौ.ने तळाला नेलपॉलिशचा ठिपका देऊन वाटलेली एक वाटी पुढे ठिपक्यासकट आमच्याच दारी परत आली होती, वर तीळगूळ घेऊन. तेव्हा यंदा तिने जाहीर केलं, "अहो, प्लास्टिक बंद. काहीतरी हाताने केलेलं द्यायचं."

मग जे ठरलं तेही प्लास्टिकच होतं. फक्त हाताने आटवायचं.

हा प्रकार ज्यांच्या घरात अजून शिरलेला नाही, ते सुखी आहेत. श्रिंक प्लास्टिकचा पातळ ताव मिळतो. त्यावर रबरी शिक्क्याने चित्र उठवायचं, रंग भरायचे, कापायचं, भोक पाडायचं आणि ओव्हनमध्ये टाकायचं. दोन-तीन मिनिटांत ते आटून जाड आणि टणक होतं. कडी अडकवली की किल्लीला, पर्सला, कानाला लटकवायला मोकळं.

ह्यामागचं शास्त्र आठवीतल्या कन्येने समजावलं. हे पॉलिस्टायरीन. कारखान्यात ते गरम असताना आडवं-उभं ताणतात आणि ताणलेलं असतानाच गार करतात. त्यामुळे आतल्या लांबलचक साखळ्या तशाच अवघडून बसतात. पुन्हा शंभर अंशांच्या वर तापवलं की त्या सैल पडतात आणि गुंडाळून आपल्या मूळ बैठकीला येतात. लांबी-रुंदी ४०-४५ टक्के उरते, म्हणजे क्षेत्रफळ पाचवा-सहावा हिस्सा. माल मात्र तेवढाच असल्यामुळे जाडी पाच-सहा पट होते. बिल्डरने सुपर बिल्टअप दाखवून कार्पेटचा ताबा द्यावा, असा हा व्यवहार आहे. इथे निदान भिंती तरी जाड मिळतात.

१९७३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये दोन बायकांनी, मुलांच्या स्काउट पथकासाठी केलेल्या हस्तकलेतून, 'श्रिंकी डिंक्स' नावाने ह्याचं खेळणं बाजारात आणलं. पुढे २००८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापिकेने महागडी यंत्रं हाताशी नव्हती म्हणून ह्याच खेळण्यावर लेझर प्रिंटरने रेघा छापल्या, ते ओव्हनमध्ये आटवलं आणि केसासारख्या बारीक नळ्यांचे साचे प्रयोगशाळेसाठी तयार केले. कन्येने हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "एवढं जमतंय त्यांना, तर त्यांच्याकडूनच तयार मागव की."

तयार शिक्के मेनरोडला मिळाले, पण त्यांवर कपकेक आणि आयफेल टॉवर. सौ.ला हवा होता द्राक्षाचा घड. नाशिकचं वाण म्हटल्यावर तेही बरोबरच. म्हणून मला सीबीएसकडे, म्हणजे सेंट्रल बस स्टँडकडे, कोर्टाच्या बाजूला शिक्के करून देणाऱ्याकडे पाठवण्यात आलं. तो माणूस दिवसभर प्रोप्रायटर, चेअरमन आणि नोटरी ह्यांच्यात बुडालेला असतो.

"काय मजकूर?"

"मजकूर नाही. द्राक्षं. तीन इंची."

"तीन इंची?" त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कलेक्टरचासुद्धा एवढा नसतो, साहेब. खाली काय टाकू?"

"खाली 'नाशिक'. बास."

"सहीला जागा?"

"नको."

संध्याकाळी शिक्का तयार होता. घड सुरेख, मणी टपोरे, पान कातरलेलं. खाली 'नाशिक', आणि त्याच्या डावीकडे वर, सवयीने, सहीच्या शिक्क्यांवर असतो तो 'करिता'. ब्लेडने कापून टाकायचा विचार केला, पण तो शब्द द्राक्षाच्या शेवटच्या मण्याला असा चिकटलेला की एक कापताना दुसरा जाणार. "राहू दे बाबा," कन्या म्हणाली, "आटल्यावर कोणाला वाचता येणारे?"

शिक्क्याबरोबर पॅड आणि जांभळी शाईही दिली होती. ती शाई कागदासाठी. कागद ती पितो, प्लास्टिक नुसतं अंगावर घेऊन बसतं. रात्री मारलेला शिक्का सकाळी बोट लावताच घडाचा मनुका करून मोकळा. मी पुन्हा सीबीएसला. "प्लास्टिकवर मारायचंय हे आधी नाही का सांगायचं?" असं म्हणत त्याने खालच्या खणातून वेगळी बाटली काढली. पापडाच्या आणि मसाल्याच्या पाकिटांवर एमआरपी आणि बॅच नंबर मारतात ना, ती. ही शाई प्लास्टिकवर क्षणात वाळते, आणि पॅडचं झाकण उघडं राहिलं तर पॅडवरही. तिचा वास घरभर पसरला तेव्हा आईने उदबत्ती लावली. दोन्ही मिळून जे काही झालं त्याला नाव नाही.

ताव थोडेच होते आणि पाहुण्या पुष्कळ. कन्येला कुठूनसं कळलं की पेस्ट्रीच्या पारदर्शक डब्यांपैकी ज्यांच्या तळाला त्रिकोणात ६ चा आकडा असतो, तेही पॉलिस्टायरीनचेच, तेही आटतात. झालं. आमचं कुटुंब लोकांकडे वाढदिवसाला गेलं की केकच्या आधी डबा उलटा करून बघायला लागलं. जिथे तिथे १ नाहीतर ५. कॉलेज रोडच्या एका हॉटेलात सौ.ने शेजारच्या टेबलावरचासुद्धा डबा उचलून पाहिला. मी त्या वेळी बडीशेप निवडत होतो. १ आकड्याचा एक डबा हट्टाने ओव्हनमध्ये घातला, तर तो चेहरा वाकडा करून तसाच बसला. वाण म्हणून तो चाललाही असता, पण ते काय आहे हे सांगता आलं नसतं.

रंगाची तऱ्हा आणखी वेगळी. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल घसरते, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपरने ते दोन्ही दिशांना घासायचं. आणि रंग भरायचा तो अगदी फिका. सगळा रंग पाचव्या हिश्श्यात दाटीने उभा राहणार, तेव्हा गडद होणारच. आईला फिकं काही पटत नाही, चहापासून. तिने मण्यांवर हिरवा रंग दाबून भरला. आत गेली ती थॉमसन आणि बाहेर आली ती जवळजवळ काळी शरद सीडलेस. एकाच घरात दोन जाती, ग्राफ्टिंगचा खर्च नाही. भोक मात्र आधीच पाडायचं, ऑफिसच्या पंचिंग मशीनने. सहा मिलिमीटरचं भोक आटून अडीचचं होतं, त्यात कडी नीट बसते. नंतर पाडायचं म्हटलं तर ड्रिल मशीन आणावं लागतं.

ओव्हन आमच्याकडे होता. लॉकडाऊनमध्ये केकसाठी घेतलेला, नंतर कुकरच्या जुन्या रिंगा ठेवायला वापरलेला. मायक्रोवेव्ह चालत नाही, तो ह्या प्लास्टिकला ढुंकून विचारत नाही. ओव्हन १६० अंशांवर, ट्रेवर बटर पेपर, त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर म्हणजे चिकटायला नको. वास कोंडू नये म्हणून खिडक्या उघड्या. पेपरात रोज निफाडचा पारा घसरत होता, आणि आम्ही मफलर बांधून, खिडक्या सताड उघड्या टाकून स्वयंपाकघरात बसलो होतो. "त्यात आता नानकटाई नको हं परत," आईने बजावलं.

पण ते आटणं बघायला ओव्हनच्या काचेला नाक लावून बसावं, असं असतं खरं. आधी काहीच होत नाही. मग एक कोपरा उचलला जातो. दुसरा. घड पोटाशी वळतो, पान द्राक्षांवर पडतं, सगळा तुकडा पिळवटून उभा राहतो आणि आपल्या तोंडून "गेला!" निघतं. तेवढ्यात तो आपणहून उलगडायला लागतो, एकेक कोपरा खाली टेकतो, शेवटी एकदा थरथरतो आणि सपाट. सौ. तो चिमट्याने काढून संगमरवरी पोळपाटाखाली दाबायची, कारण गरम आहे तोवरच तो ऐकतो. काही घड उलगडलेच नाहीत. पानाने द्राक्षांना जी मिठी मारली ती कायमची. काही ताव एका दिशेने जास्त आटले, त्यांतून लांबट द्राक्षं निघाली. ती मी सोनाका म्हणून खपवली.

ऐन वेळी ओव्हनचा काटा बिघडला. वरच्या मजल्यावरचा भाऊ अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहे. तो वायरींवरच्या नळ्या आटवायची हीट गन घेऊन आला. त्याच्या पहिल्याच झोताने एक घड फ्रिजच्या मागे गेला. मग तुकडा विणकामाच्या सुईने दाबून धरायचा आणि गन दुरून फिरवायची, अशी त्यानेच पद्धत बसवली. तास-दोन तास तो गडी हलला नाही. जाताना म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी पतंग करू."

हळदीकुंकू छान झालं. बायकांनी घड हातात घेऊन पाहिले, उजेडात धरले, "कुठून आणलेत हो?" म्हणाल्या, आणि "घरी केले" म्हटल्यावर सौ.च्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मफलर परवडला. आटल्यावर रेघा अशा कोरीव होतात की विकतचं वाटावं. अक्षरंसुद्धा.

समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशी कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी कुंकू लावून घेतलं, तीळगूळ घेतला, पर्समधून चष्मा काढून घातला आणि घड डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"वाण सुरेख आहे गं," त्या म्हणाल्या, "पण 'करिता नाशिक' म्हटलंय, तर खाली सही कोणाची घ्यायची?"