साउरॉनला हाक मारायची कशी?

जादू-ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचता ना? मग त्यातली नावं तोंडातून काढण्याआधी परवानगी घेत चला. लेखकाची नव्हे, यूट्यूबवर अर्धा व्हिडिओ बघितलेल्या माणसाची.

मी घेतली नव्हती. मागच्या रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत मित्राकडे गप्पांत टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या एल्फ जमातीच्या सरदाराचं नाव 'केलेबोर्न' म्हणालो आणि बंगळूरहून सुट्टीला आलेला त्याचा पुतण्या फिस्सकन हसला. "तसं नाही ओ काका ते, सेलेबोर्न!" चारचौघांत. वहिनी पोहे घेऊन आल्या, त्यांनाही त्याने सांगितलं.

तर सूचना.

नावाच्या मध्येच वर लोंबकळणारा स्वल्पविराम दिसला, की तिथे खोकावं.

ओळीने तीन-चार स्वर आले, की पुस्तक मनात वाचावं.

फारच अडलं तर हॅरी पॉटरमधली हर्मायनी आठवावी. २०००च्या चौथ्या पुस्तकात ती बल्गेरियाच्या व्हिक्टर क्रमला आपलं नाव तुकडे पाडून शिकवते, त्याला काही ते जमत नाही, आणि ती जमलं तेवढ्यावर भागवते. अशी माणसं पुस्तकातच.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं परिशिष्ट मात्र चुकूनही उघडू नये. टॉल्किन पडला ऑक्सफर्डचा भाषांचा प्राध्यापक. आधी भाषा रचल्या, मग त्या बोलायला माणसं. रिकामटेकडाच म्हणायचा! १९५५च्या तिसऱ्या खंडात त्याने परिशिष्ट ई जोडून उच्चारांचे नियमच छापले. सी म्हणजे क, पुढे ई असो की आय. ए-यू म्हणजे आउ, म्हणून त्यातला खलनायक साउरॉन, सॉरॉन नव्हे. व्यंजन दोनदा लिहिलं तर दोनदा म्हणायचं. सत्तर वर्षं झाली छापून! पण छापलेलं वाचायचं कुणी? व्हिडिओवाला सांगतो ना! त्याला कुणी सांगितलं? दुसऱ्या व्हिडिओवाल्याने!

आणि हाच पठ्ठ्या घटकाभराने विचारतो, "काका, येलूरला जाऊया काय, राजहंसगड बघायला?"

येलूर! अरे, येळ्ळूर म्हण, येळ्ळूर! ळ मराठीत आहे, कन्नडात आहे, तुझ्या आजीच्या तोंडात आहे. तो तुला जड जातोय आणि एल्फांचे उच्चार तू मला शिकवतोस? बरोबर असतास तर ऐकूनही घेतलं असतं. चूक ते चूक, वर हसणं!

गेल्या दिवाळीत नेलेला तिसरा खंड परत आणून दे. परिशिष्ट त्यातच आहे.