व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करा म्हणणारा तो मेसेज

दादाचं दोन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह नावाचं. रविवारी कोथरूडला गेलो तर कळलं वहिनीने त्याच्या बी-१२ च्या गोळ्या दिवाळीपासून बंदच करून टाकल्यात! का, तर आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज: 'या ऑपरेशनमध्ये नुसती चरबी ओढून काढतात, शुगर सहा महिन्यात परत येते, व्हिटॅमिन हा कंपन्यांचा धंदा आहे, रोज पेलाभर दूध प्या, पुरे.'

चरबी ओढतात ते लायपोसक्शन, त्याचा इथे संबंधच नाही. स्लीव्हमध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, आतड्यातली हार्मोन्स बदलतात, म्हणून कित्येकांची शुगर वजन उतरायच्या आधीच खाली येते.

शुगर परत येते हे अर्धं खरंय, मान्य. स्वीडनमध्ये वजन कमी करायच्या इतर प्रकारच्या ऑपरेशनांवर मोठा अभ्यास झाला, त्यात दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा डायबेटिस गेलेला होता आणि दहा वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांचा परत येतो, तपासण्या सोडून चालत नाही. पण ऑपरेशन न केलेल्यांत दहा वर्षांनी तोच आकडा १३ होता, हे मेसेजवाला कशाला सांगेल.

आता ते दूध. बी-१२ नुसतं पोटात जाऊन भागत नाही, ते अन्नातून सुटायला जठरातलं ॲसिड लागतं आणि पुढे आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रोटीन लागतं, आणि जठरच कापलंय तर दोन्ही कमी पडतात, मग पेला प्या नाहीतर तांब्या. त्यात आपण पुणेकर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांच्या टीमच्या २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तर ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि हे ऑपरेशन वगैरे न झालेले लोक! दादा तर बी-१२ देणारं अंडंसुद्धा खात नाही.

वहिनी म्हणते इतके महिने काही झालं नाही ना. अगं, लिव्हरमधला साठा पुरतो म्हणून लगेच कळत नाही, साठा संपला की हातापायाला मुंग्या, तोल जाणं, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान भरूनही येत नाही.

दादाला विचारलं तर म्हणाला पायाला मुंग्या येतात अधूनमधून. बी-१२ मुळे असेल किंवा जुन्या शुगरमुळे, उद्या सकाळी रक्त द्यायला नेतोय आणि रिपोर्ट घेऊन थेट त्याच्या सर्जनकडे.