क्रूझ कंट्रोल रुसलं? फ्यूजच्या आधी ब्रेकचं पेडल बघा

गाडीचं क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, लागेनासं झालं की कुणी ना कुणी एक ठरलेला सल्ला पाठवतोच. त्याचा गोषवारा असा: फ्यूज उडाला असेल, बदला, तरी नाही लागलं तर स्टिअरिंगवरची बटणं बदला, मागचे ब्रेकचे दिवे लागत असतील तर ब्रेक स्विचकडे बघायचं कारण नाही, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लागला नसेल तर बिघाड नाही, बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा, सगळं रीसेट होतं, आणि एवढ्यानेही जमलं नाही तर सोडून द्या, ती चैनीची सोय आहे. प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे.

आधी क्रूझ चालतं कसं ते बघू. जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवर हलणारा एक पडदा केबलने थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, ओढून धरायचा. नळीला चीर गेली किंवा केबल निसटली की क्रूझ खरोखर मोडायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत असं वेगळं यंत्र बहुधा नसतंच. इंजिनचा कॉम्प्युटरच थ्रॉटल उघडतो-मिटतो आणि क्रूझ हा त्याच्या प्रोग्रॅमचा एक भाग असतो. तुम्ही सेटचं बटण दाबलं की तो आधी अटी तपासतो. ब्रेकवर पाय नाही ना? क्लचवर नाही ना? वेग किमान मर्यादेच्या वर आहे ना (बऱ्याच गाड्यांत ती ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असते)? वेगाचा आकडा भरवशाचा आहे ना? एका जरी प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं तरी तो नकार देतो. तेव्हा गाडी कोणत्या प्रश्नावर अडली आहे, ते आधी शोधायचं. पार्ट नंतर.

“ब्रेकचे दिवे लागतात, म्हणजे स्विच ठीक आहे.”

सगळ्यात जास्त घोळ हे वाक्य घालतं. पेडलच्या वर बसवलेल्या त्या लहानशा स्विचमध्ये अनेक गाड्यांत दोन वेगळे संपर्क असतात. पेडल दाबल्यावर एक जोडला जातो, त्याने दिवे लागतात. दुसरा उलट चालीचा: पेडल दाबलं की तो तुटतो, आणि क्रूझ सोडायचं ते यावरून कळतं. कॉम्प्युटर दोघांची साक्ष ताडून पाहतो. दुसरा संपर्क झिजला असेल तर दिवे झकास लागतील आणि क्रूझ मात्र कधीच लागणार नाही. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, अशा वेळी पी०५७१ किंवा पी०५०४ हे कोड दिसू शकतात.

कधी स्विच चांगला असतो, पण त्याची दांडी जिथे टेकते तो पेडलवरचा रबर-प्लास्टिकचा छोटा गट्टू चुरा होऊन पडलेला असतो. मग पाय नसतानाही गाडीला ब्रेक दाबलेलाच वाटतो आणि मागचे दिवे रात्रभर जळून बॅटरी उतरते. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे तुकडे सापडले तर अर्धं निदान तिथेच झालं. क्रूझ लागतं पण खड्ड्यातून गेल्यावर सुटतं, अशी तक्रार असेल तर स्विच एखाद-दोन मिलिमीटर सरकलेला असू शकतो. पायाच्या बोटांनी पेडल किंचित वर उचलून धरा आणि फरक पडतो का बघा. काही जुन्या गाड्यांत तर क्रूझच्या सर्किटचं अर्थिंग ब्रेकच्या बल्बमधूनच व्हायचं. तिथे हौसेने एलईडी बसवले की क्रूझ गेलं!

गिअर हाताने बदलायच्या गाडीत हीच सगळी तपासणी क्लच पेडलच्या स्विचची. तो तर बहुतेकांना आठवतही नाही.

“स्टिअरिंगवरची बटणं बदला.”

माझ्या गाडीत मी हेच केलं. नवी बटणं बसली, क्रूझ जागचं हललं नाही, आणि शेवटी दोषी निघाला तो पेडलचा स्विच. चोर सोडून संन्याशाला फाशी. बटणांवर संशय घेण्याआधी हॉर्न आणि ऑडिओची बटणं चालतात का पाहा. तीही मेली असतील, किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र तिथे स्वतः हात घालू नका. एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावणं धोक्याचं असतं.

“दिवा नाही, म्हणजे बिघाड नाही.”

चेक इंजिनचा दिवा मुख्यतः धुराच्या प्रदूषणाशी संबंधित दोषांसाठी असतो. ब्रेक स्विचचा किंवा चाकाच्या वेगाच्या सेन्सरचा कोड तो न लागताही साठून राहू शकतो. त्यातून स्वस्तातले स्कॅनर बरेचदा इंजिनपुरतेच कोड वाचतात. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कोड त्यांना दिसतच नाही. उलटही घडतं: काही कंपन्या हा दिवा लागला की क्रूझ मुद्दाम बंद ठेवतात, मग कारण पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिल्याचं का असेना. कोडपेक्षाही उपयोगी असतो तो स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा. गाडी उभी करून ब्रेक, क्लच आणि सेटचं बटण एकेक करून दाबा; पडद्यावर कोणती नोंद बदलत नाही ते दिसतं. काही गाड्यांत तर क्रूझ शेवटी कशामुळे सुटलं याचं कारणच नोंदलेलं असतं.

पुढच्या गाडीचा वेग पाहून चालणारं क्रूझ असेल तर आधी बंपरमधल्या रडारवरचा चिखल पुसा. पुढची काच किंवा बंपर नुकताच बदलला असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची नव्याने जुळणी, झालं होतं का, हे विचारा.

“बॅटरी काढा, रीसेट होईल.”

झिजलेला संपर्क तार काढल्याने भरून येत नाही. अनेक गाड्यांत पुसले जातात ते कोड आणि दोष घडला त्या क्षणाची नोंद; म्हणजे पुरावाच. मग क्रूझ एक-दोन दिवस चालतंही, कारण कित्येक दोष गाडी चालवण्याच्या दोन फेऱ्यांत पुन्हा आढळल्याशिवाय कॉम्प्युटर पक्के धरत नाही. लोक त्यालाच दुरुस्ती समजतात.

“फ्यूजच असतो.”

असू शकतो. पण क्रूझचा फ्यूज बहुधा इतर सर्किटशी वाटून घेतलेला असतो, त्यामुळे आणखी काही बंद आहे का ते बघा. नवा फ्यूजही उडाला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. जास्त अँपिअरचा ठोकून बसवलात तर पुढच्या वेळी वायर जळेल.

“चैनीची सोय आहे, सोडून द्या.”

क्रूझशिवाय गाडी चालते, हे खरं. पण ज्या स्विचमुळे ते रुसतं तोच मागच्या वाहनाला तुम्ही थांबताय हे सांगतो, आणि चाकाचा जो सेन्सर आकडा देत नाही त्यावर एबीएस अवलंबून असतं. फोर्डच्या अमेरिकेतल्या गाड्यांचं उदाहरण तर टोकाचं आहे. त्यांत क्रूझ सोडवणारा एक स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाच्या) बाजूला बसवलेला होता आणि चावी काढल्यावरही त्यात वीज असायची. आतला पडदा झिरपून ब्रेक ऑइल त्या संपर्कांपर्यंत पोचलं, आणि उभ्या गाड्यांना आगी लागल्या. १९९९ पासून २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक कोटीहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या.