वाढदिवसाला जिवंत मासे वाटणाऱ्यांनो

आज सोसायटीतल्या एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट काय असावं? गोल्डफिश! प्लास्टिकच्या पिशवीत घोटभर पाणी, त्यात एकेक मासा, वर गाठीला रिबन. पोरं पिशव्या गरागरा फिरवत जिन्यातून पळतायत आणि आयाबाया फोटो काढतायत. तिथे तोंडात केक होता म्हणून गप्प बसले, इथे बसणार नाही.

अहो, गोल्डफिश वाडग्यातला मासा नव्हेच. नीट वाढला तर वीतभर होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो. घाणही भरपूर करतो आणि एवढ्याशा पाण्यात त्याने स्वतःच सोडलेला अमोनिया त्याच्या जिवावर उठतो. मग आठवड्याभरात उताणा तरंगायला लागला की आपण म्हणणार, "मासे बाई फार नाजूक." कुणाच्या तरी काकूंकडे वाडग्यात पाच वर्षं जगला म्हणे. जगला असेल. काकूंना नमस्कार.

मागे भाच्यासाठी टाकी घ्यायला गेलो होतो. दीड फुटी, म्हणजे पाणी चाळीसेक लिटर. दुकानदाराने काही विचारलं नाही, थेट जाळीच बुडवली. दोन गोल्डफिश, एक एंजल, काच साफ ठेवायला सकर, "आणि हे दोन शार्क, पोरांना आवडतात." मी विचारलं, केवढे होतात? "ताई, टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो." मी तोंड उघडेपर्यंत भावोजींनी क्यूआर स्कॅनसुद्धा केला होता.

टाकी जेवढी तेवढाच मासा! हे वाक्य मी आजवर किती दुकानांत ऐकलंय. तो 'शार्क' म्हणजे पंगॅशियस, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो ना, बहुतेक वेळा तोच. मेकाँग नदीतला, तीन फुटांच्या वर जाणारा. लहान टाकीत तो शहाण्यासारखा लहान राहत नाही, खुरटतो. आणि मुळात भित्रा. ट्यूब लावली की धडाधड काचेवर आपटायचा, नाकाचं टोक पांढरं पडलं होतं. भाचा संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसायला लागला, का तर शार्क घाबरतो. सात वर्षांच्या पोराला जे कळलं ते दुकानदाराला कळत नव्हतं, असं मी मानत नाही. त्यालाही पोट आहे, मान्य. पण गप्पी विकूनही पोट भरतंच की.

बरं, नंतर ताई म्हणते, नदीत सोडून येऊ, पुण्य लागेल. कसलं डोंबलाचं पुण्य! टाक्यांतले सकर असेच सोडून सोडून उजनीत माजलेत. काटेरी अंगाने जाळी फाडतात, बाजारात किंमत शून्य. कोळ्यांना विचारा कुणाला पुण्य लागलं ते. शेवटी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्यांकडे ते शार्क पोचवले.

ज्यांना खरंच सुरुवात करायचीय, त्यांनी गप्पी आणा. हो, तेच हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला पाण्यात सोडतात ते. फुकट मिळतो म्हणून नाक मुरडू नका. दुकानातले झुपकेदार शेपटीचे रंगीत गप्पी मात्र पटकन मरतात, हेही खरं, म्हणून आधी साधेच घ्या. आणि फक्त नर. मादी आणलीत तर टाकीत नर नसतानासुद्धा महिन्या-महिन्याला पिल्लं देत राहते, आधीचं बीज साठवून ठेवते ती. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्या. टाकी फिल्टर लावून, चिमूटभर खाणं टाकत, चार-सहा आठवडे बिनमाशांची चालवा, अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि दर रविवारी अख्खी टाकी घासूनपुसून लख्ख करू नका, ते जिवाणूच धुऊन जातात. पाव पाणी बदला, बास.

एकच मासा हवा असेल तर फायटर ठेवा, पण एकटा, आणि त्यालाही वाडगा नको. वर येऊन हवेतला श्वास घेतो म्हणजे घाण पाण्यात सुखी असतो असं नाही.

भाच्याच्या त्याच दीड फुटी टाकीत आता गप्पी आहेत आणि त्यांनी उच्छाद मांडलाय. कारण भावोजींनी "जोडीने शोभतात" म्हणून माद्याही आणल्या. आजच्या गोल्डफिशचं काय करायचं विचारायला दोन आयांचे फोन येऊन गेलेत, त्यांना मोठा टब आणि एअर पंप सांगितलाय. बाकी कुणाला गप्पी हवे असतील तर इनबॉक्समध्ये या. आधी टाकीचा फोटो दाखवायचा. वाडगा दिसला तर मिळणार नाहीत.