हाताला बोट

रात्रीचे सव्वाबारा वाजलेत. उद्या साडेनऊला परत हॉल उघडायचाय, पण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आज आमच्या मॉडेल क्लबच्या दिवाळी प्रदर्शनाचा पहिला दिवस होता. दुपारी परीक्षक आले. आल्या आल्या त्यांनी पुढच्या टेबलावरचं दाभोळच्या चाचांचं तारू बघितलं आणि विचारलं, "याचं स्केल काय?" म्हणजे खऱ्याच्या कितवा भाग केलंय. चाचा म्हणाले, "हातानं केलंय." "तसं नाही हो. स्केल. बहात्तर, अठ्ठेचाळीस, पस्तीस, काय ते?" चाचा नुसते हसले. मग परीक्षक आमच्या कमिटीतल्या दोघांकडे वळून म्हणाले, "स्केल नाही, तर हे स्केल मॉडेल कसं? हे हस्तकलेत ठेवा." हस्तकला म्हणजे हॉलच्या मागच्या भिंतीचं टेबल, जिथे पहिली-दुसरीच्या मुलांची पुठ्ठ्याची घरं मांडलीत. आणि आमच्या कमिटीतले दोघे, ज्यांनी चाचांच्या घरी बसून सोलकढी प्यायली आहे, ते मान डोलावून "हो सर" म्हणाले.

तारू कोणी उचललं माहितीये? चाचांनी स्वतः. दोन्ही हातांवर धरून, तान्हं पोर धरावं तसं. "खंय ठेवू?" एवढंच विचारलं.

आणि मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही. राग खरं तर मला त्याचाच आलाय.

जे मला नव्याने ओळखतात त्यांच्यासाठी सांगते. मी चिपळूणची. आम्ही चौदाजण आहोत. महिन्यातून दोन रविवार दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत जमतो. डॉक्टर विमानं करतात, त्यांची जुनी झालेली दातांची हत्यारं आम्हा सगळ्यांच्या डब्यात आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पानवलचा पूल करताहेत. रत्नागिरीजवळचा, कोकण रेल्वेचा, ६४ मीटर उंच तो. १:८७ मध्ये तो सव्वादोन फुटांच्या वर जातो, आणि काका हट्टाने रूळसुद्धा स्वतः घालतात. कारण बाजारात या मापाचे जे रूळ मिळतात त्यांत दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर, म्हणजे परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजचे. आपला ब्रॉडगेज १६७६. त्या रुळांवर आपलं इंजिन ठेवलं की काकांच्या पोटात दुखतं. साडेएकोणीस मिलिमीटरला जरा कमी हवेत, म्हणून तारा घासून घासून रूळ करतात. एक शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत, त्या सगळ्यांच्या बोटींची शिडं शिवतात. मलमल चहाच्या पाण्यातून काढून. कॉलेजातली तीन पोरं आहेत, त्यांना रणगाडे सोडून काही दिसत नाही.

आणि चाचा. दाभोळला होड्या बांधणाऱ्यांच्या घरातले. फायबरच्या बोटी आल्यावर लाकडाचं काम कमी झालं, तेव्हापासून लहान तारवं करतात. पठाण, म्हणजे बुडाचा कणा, घालतात, वाक, म्हणजे बरगड्या, उभे करतात, त्यावर फळ्या मारतात, फटींत कापूस भरून कलाफतसुद्धा करतात. मॉडेलला! एकदा मी विचारलं, आतली कलाफत कोणाला दिसणार आहे चाचा? म्हणाले, पाण्यात टाकली तर पाण्याला दिसेल.

मी स्वतः आयुष्यात एकच मोठं मॉडेल करतेय. विक्रांत. नौदलाची विमानवाहू नौका, जुनी. बाबा तिच्यावर स्टोकर होते, बॉयलरच्या उष्णतेत त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९६१ साली नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. बाबा मला दोनदा घेऊन गेले होते. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली तेव्हा बाबांनी तीन दिवस टीव्ही लावू दिला नाही. ते गेल्यावर मी ठरवलं की ही घरात तरी तरंगेल. १:३५० मध्ये, म्हणजे बरोबर दोन फूट. बुडाला शिवणीचं लाकूड, वर प्लास्टिकच्या शीट, आणि डेकवर नऊ सी हॉक, प्रत्येक साडेतीन सेंटीमीटर.

मग २२ जुलै २०२१.

त्या दिवसाचं मी इथे फार लिहिलं नाहीये. पहाटे पाणी घरात आलं. आईला घेऊन मी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले. २००५ चं पाणी आम्ही पाहिलं होतं, आम्हाला वाटलं तेवढंच येईल. ते माळ्याच्या दोन फूट खालपर्यंत आलं. ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल. फ्रीज उताणा. डिझेलचा वास. हायवेवरचा वाशिष्ठीचा पूल खचलेला, लाइट नाही, फोन नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात पाचजण उभे. डॉक्टर, रेल्वेवाले काका, दोन पोरं आणि चाचा. चाचा दाभोळहून कसे आले ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, विचारलं की विषय बदलतात. फावडी, घमेली, प्यायच्या पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, आईसाठी दोन कोरी लुगडी. दोन दिवस त्यांनी चिखल उपसला. दोन दिवसांत मॉडेल हा शब्द कोणी काढला नाही. मीही नाही. घर वाहून गेलेली माणसं आसपास असताना दोन फुटांच्या बोटीसाठी रडायची लाज वाटत होती.

बोट सापडली खिडकीच्या गजांत अडकलेली. लाकडी बूड होतं, तरंगली ती. वरचं सगळं सुटून गेलेलं. लोखंडी कपाट उघडलं तर आतल्या दाराला डिकल, म्हणजे मॉडेलवर लावायचं चित्र, चिकटलेलं. केशरी, पांढरं, हिरवं, विमानाच्या पंखावरचं गोल चिन्ह, नखाएवढंही नाही. ज्यांनी डिकल लावलेत त्यांना माहीत आहे, कागद पाण्यात भिजला की ते सुटतं आणि जिथे टेकेल तिथे बसतं. माझी पूर्ण शीट पुराने सोडवली आणि त्यातलं एक असं नीट, एकही सुरकुती न पडता, कपाटाला लावून ठेवलं. ते मी अजून काढलेलं नाही.

त्यांच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी चाचांनी शेजारच्या बांधकामावरची वाळूची चाळण आणली. मी म्हटलं, कशाला? बोलले नाहीत. अंगणात उपसून टाकलेला चिखल घमेलंभर घ्यायचा, पाणी ओतायचं, चाळायचं. सकाळपासून दुपारपर्यंत. चार वाजता माझ्या हातावर ओला रुमाल ठेवला. "ताय, सात गावली." सात सी हॉक. कोणाचा पंख गेलेला, कोणाचं नाक. "दोन आमच्याकडं गेली असतील. नदी तकडंच येते."

वाशिष्ठी दाभोळलाच समुद्राला मिळते.

सहा महिन्यांनी ते क्लबात आले आणि माझ्यासमोर काडेपेटी ठेवली. आत सागाची दोन विमानं. प्लास्टिकच्या सातांपेक्षा जराशी जाड, शेपट्या किंचित वाकड्या. "दाभोळात गावली," म्हणाले. विक्रांत परत उभी राहिली ती त्या नऊ विमानांसकट. सात प्लास्टिकची, दोन सागाची.

आज त्याच परीक्षकांनी माझ्या विक्रांतला पूर्ण दहा मिनिटं दिली. कौतुक केलं. मग डेकवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, एवढं सुंदर काम, पण ही दोन विमानं मॅच होत नाहीत. बदलून टाका, पहिला नंबर तुमचाच आहे."

तेव्हाही मी बोलले नाही. "थँक्यू सर" म्हणाले. मी!

लिहिता लिहिता हात थरथरतोय, जरा पाणी पिऊन येते.

आले. हे पण लिहायला हवं म्हणून लिहिते. परीक्षकांचं स्वतःचं काम अप्रतिम आहे, मी पाहिलंय. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक का येते आणि ती कशी घालवायची, हे त्यांनी आज पोरांना अर्धा तास समजावलं, एक पैसा न घेता. माप पाळलं नाही तर या छंदाला अर्थ नाही, हेही खरं. मान्य. आणि बक्षिसं असली की गर्दी होते, हॉलचं भाडं निघतं. तेही मान्य.

पण क्लब कशासाठी आहे? आपण सगळ्यांनी हे लहानपणी अंगणात शिकलोय ना? दिवाळीचा किल्ला एकट्याने कोणी बांधलाय कधी? एकाने दगड आणायचे, एकाने माती कालवायची, ज्याला काहीच जमत नाही त्याने अळीव पेरायचे आणि मावळे मांडायचे. ज्याचा मावळा बुरुजाहून उंच होता त्यालाही आपण मांडू दिला होता. कोणी त्याला मागच्या अंगणात पाठवलं नव्हतं.

माझ्या घरी एअरब्रश आहे, कॉम्प्रेसर आहे. एकटीने करायचं तर मी घरी बसून करू शकते. यूट्यूबवर सगळं शिकायला मिळतं, आता थ्रीडी प्रिंटही काढून मिळतात. तरी मी महिन्यातून दोन रविवार दवाखान्याच्या त्या बाकड्यावर जाऊन बसते, कारण तिथे काकू माझ्या हातातून चिमटा काढून घेतात आणि म्हणतात, दे इकडे, तुझे डोळे थकलेत. प्लास्टिकला सिमेंट लावलं की दोन्ही कडा विरघळतात आणि एक होतात. हे मला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी शिकवलं, आणि सुपर ग्लू काचेच्या भागाला लावू नको, धुरकट होतं, हेही. पुस्तकातून शिकले असते तर विसरले असते. डॉक्टरांचा दवाखान्यातला तो गंभीर आवाज आठवतो म्हणून लक्षात आहे.

मघाशी साडेदहाला मी चाचांना फोन केला. माफी मागायची होती, पण सरळ मागता येईना. म्हणून विचारलं, चाचा, तारवाचं माप कसं घेता तुम्ही? म्हणाले, "हाताला बोट." म्हणजे? "आज्याचं तारू बत्तीस हाती होतं. हे बत्तीस बोटं आहे. सगळं तसंच. डोलकाठी, परबाण, सुकाणू. हाताला बोट."

मी फोन ठेवला आणि दोन मिनिटं तशीच बसून राहिले. चोवीस अंगुळं म्हणजे एक हात. आजीच्या तोंडी असलेलं कोष्टक आहे हे. हाताला बोट म्हणजे १:२४. बरोब्बर १:२४! जगभर गाड्यांचे किट ज्या मापात विकतात ते माप. बोट पाऊण इंचाचं धरलं तर बत्तीस बोटं म्हणजे दोन फूट, आणि संध्याकाळी हॉल बंद करताना, तेव्हा मनात काही नव्हतं, मी सहज तारवाला टेप लावला होता. दोन फूट भरलं होतं. अर्धं सूत इकडे नाही, तिकडे नाही.

ज्या माणसाच्या बोटात स्केल आहे त्याला आम्ही स्केल नाही म्हणून मागे पाठवलं. आमच्यातल्या कोणाला, मला, काकांना, डॉक्टरांना, हा एक प्रश्न नीट विचारावासा वाटला नाही. परीक्षक एका दिवसाचे पाहुणे. आम्ही इतकी वर्षं चाचांच्या शेजारी बसतोय.

कमिटीतल्या त्या दोघांना मी टॅग करत नाहीये. तेही त्या चिखलात होते, त्यांच्यातल्या एकाने माझ्या आईची गोधडी नदीवर नेऊन धुतली होती. म्हणूनच जास्त लागलंय. उद्या वाचतील तेव्हा वाचतील.

मी आत्ता एक कार्ड लिहून ठेवलंय. "दाभोळचं तारू. बत्तीस हाती. प्रमाण १:२४." उद्या सकाळी ते मागच्या टेबलावर लावणार आणि माझी विक्रांतही तिथेच नेऊन ठेवणार, तारवाला लागून. दोन फुटांना दोन फूट. नऊच्या नऊ विमानांसकट. पुढच्या टेबलावर जागा रिकामी दिसेल, दिसू दे. नंबर ज्याला द्यायचा त्याला द्या. चिपळूणमधले जे येणार असतील त्यांनी दारातून सरळ मागे यावं, पुठ्ठ्याच्या घरांपाशी. ती घरंही छान आहेत, एकाला कौलं खरी भाताच्या काडीची आहेत.

फोन ठेवताना चाचांना विचारलं, उद्या येणार ना? मला भीती होती, नाही म्हणतील. म्हणाले, "येतो ना. पयल्या फेरीबोटीनं धोपाव्याला उतरतो, तिथनं गाडी बघतो. ताय, तुझ्या आईला सुके बांगडे आणू काय?"

आणा म्हटलं.