ही नुसती ब्रेकअपची डायरी नाहीये

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची गाणी म्हणजे ब्रेकअपची डायरी आणि फॅन लोक उगाच त्यात साहित्य शोधत बसतात, हे एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. तिच्या २०२० च्या 'फोकलोर' अल्बममध्ये एकाच प्रेमाच्या त्रिकोणावर 'कार्डिगन', 'ऑगस्ट' आणि 'बेटी' अशी तीन गाणी आहेत, तिघांच्या तीन बाजू, मग ही डायरी कशी काय झाली? मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघी बहिणी जळगावला मामाच्या गच्चीवर गोधड्या टाकून तिच्या 'ऑल टू वेल' गाण्याचं १० मिनिटांचं व्हर्जन थांबवून थांबवून ऐकत होतो, ओळी वहीत उतरवत होतो आणि तो मागे राहिलेला स्कार्फ आला ना, धाकटी रडायलाच लागली. सगळं दुःख त्या एका कपड्यात! मामीला अर्थ सांगितला तर म्हणे, हे तं आपल्या बहिणाबाईसारखंच झालं व माय, तिनंबी कुंकवाखाली लपलेल्या नशिबाच्या रेषेत अख्खं वैधव्य सांगितलं. आसोद्याची, शाळेची पायरी न चढलेली बाई, पण मामीला तिच्या कविता तोंडपाठ. धाकटीच्या वहीत आता डाव्या पानावर टेलर आहे आणि उजव्या पानावर बहिणाबाई.