रेंज नंतर विचारा, आधी सायकल ठेवणार कुठे ते सांगा

इलेक्ट्रिक सायकल घ्यायचीय, कोणती घेऊ, असं हल्ली बरेच जण विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, एका चार्जमध्ये किती जाते? अरे पण तुम्हाला जायचंय कुठे? स्टेशन, बँक, पोरांचा क्लास, फार तर ऑफिस. मी उलट विचारते, सायकल रात्री उभी कुठे राहणार आणि तिथे प्लग आहे का? यावर बहुतेक जण गप्प बसतात. माझं तर स्पष्ट मत आहे की जवळपासच्या फेऱ्यांसाठी कुठली सायकल घ्यायची याचा निम्मा निकाल इथेच लागतो, उरलेल्या गोष्टी मागाहून.

आता बघा, साधी सायकल बारा-पंधरा किलोची असते, इलेक्ट्रिक साधारण १८ ते २५ किलोची. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ती जड वाटत नाही, जिन्याच्या वळणावर वाटते. लिफ्ट नसेल, तळमजल्यावर कुलूप लावायची सोय नसेल, तर रोज चढवणार कोण? पहिला आठवडा हौसेने चढवाल, मग ‘आज चालतच जाते’ सुरू होतं. त्यामुळे सायकल खाली आणि घर वर असेल तर बॅटरी किल्लीने काढून वर नेता येणारी हवी, यावर अजिबात तडजोड नको. बॅटरी साधारण दोन-तीन किलोची असते, पिशवीत घालून सहज नेता येते. फ्रेमच्या आत कायमची बसवलेली बॅटरी दिसायला सुंदर दिसते, मान्य, पण मग प्लगपर्यंत अख्खी सायकल न्यावी लागते.

रेंजचं म्हणाल तर कंपनीच्या आकड्यापेक्षा स्वतः हिशोब करा, सोपा आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात त्यांचा गुणाकार करायचा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर, बॅटरीत मावणारी वीज. पेडल मारत, मोटरची मदत घेत गेलात तर किलोमीटरला ढोबळमानाने १० ते १५ वॅट-अवर जातात, म्हणजे २४ ते ३६ किलोमीटर. चढ, समोरचा वारा, कमी हवेचे टायर, मागे बसवलेलं पोरगं, हे सगळं त्यातून वजा. तरी रोजचं येणं-जाणं सहा किलोमीटर असेल तर तीन-चार दिवस आरामात निघतात. मग दुप्पट बॅटरीचं ओझं आणि दुप्पट पैसे कशाला? बॅटरीची ताकद वर्षागणिक थोडी थोडी कमी होते, तेवढी शिल्लक धरा, बस्स.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेन्सर, आणि याबद्दल कुणी विचारतच नाही! स्वस्त सायकलींना बहुतेक वेळा केडन्स सेन्सर असतो, म्हणजे पेडलच्या अ‍ॅक्सलजवळ चुंबकांची एक छोटी चकती असते आणि पेडल फिरतंय की नाही एवढंच त्याला कळतं. तुम्ही जोर लावताय की नुसते पाय हलवताय, त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाही, मग अर्धा फेरा झाला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखा झटका येतो, आणि पाय थांबवल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते. मोकळ्या रस्त्यावर याची सवय होते पण गर्दीत, बोळात, समोरून अचानक कुत्रं आलं की हा क्षणभर फार मोठा वाटतो. टॉर्क सेन्सर पेडलवरचा दाब मोजतो, हलकं दाबलं की हलकी मदत, जोरात दाबलं की जास्त. जवळच्या फेऱ्यांमध्ये आपण सारखे थांबतो, निघतो, वळतो, म्हणून मी तर म्हणेन बॅटरी लहान घ्या आणि वाचलेले पैसे टॉर्क सेन्सरवर घाला. बजेटमध्ये केडन्सच बसत असेल तर निदान ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारा स्विच आहे ना ते बघा, म्हणजे ब्रेकला नुसता हात लागला की मोटर बंद होते.

मोटरच्या वॅटवरून भांडू नका. युरोपात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे आणि लोक त्यावर मजेत फिरतात. मोटर चाकात की पेडलपाशी हा प्रश्न मात्र खरा. तुमच्याकडे दमवणारा चढ असेल तर पेडलपाशी, कारण ती मोटर सायकलचे गिअर वापरते (चेन लवकर झिजते, ते धरून चाला). सपाट भागात चाकातली मोटर पुरते, साधी आणि स्वस्त.

पण चाकातल्या मोटरचं एक दुखणं आहे, पंक्चर. मागचं चाक साध्या सायकलसारखं पटकन निघत नाही. आधी मोटरच्या वायरचा कनेक्टर सोडवायचा, त्यावर छोटे बाण असतात ते जुळवूनच परत लावायचा, पिळायचा नाही, नाहीतर आतल्या पिना वाकतात. मग मोठा पाना घेऊन अ‍ॅक्सलचे नट, आणि त्याखाली दात असलेला एक वॉशर असतो तो ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने परत बसवायचा, कारण अ‍ॅक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून तो असतो. कोपऱ्यावरच्या साध्या सायकलवाल्याला हे जमतं का, हे सायकल घेण्याआधी विचारून या. तो हात लावायला तयार नसेल तर जाड, पंक्चर कमी होणारे टायर सुरुवातीलाच बसवून घ्या. आणि हो, चाक न काढता ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून पॅच लावता येतो, निम्म्या वेळा काम भागतं.

ब्रेक डिस्कच घ्या, जमलं तर हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे), कारण वजनही जास्त आणि वेगही जास्त. मडगार्ड, कॅरिअर, मजबूत स्टँड, दिवे हे सगळं सायकलसोबतच येत असेल तर उत्तम, नंतर एकेक जोडताना वैताग येतो. पावसाचं म्हणाल तर आयपीएक्स४ (पाणी किती सोसेल त्याचा दर्जा) म्हणजे शिंतोडे चालतात, साचलेल्या पाण्यातून चाकाच्या मध्यापर्यंत सायकल घालायची नाही आणि प्रेशर पंपाने धुवायची तर मुळीच नाही.

चार्जरबद्दल मात्र मी कडक आहे. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर साधारण ४२ व्होल्ट देतो आणि ४८ वाल्याचा ५४.६, आणि दोघांची पिन कधी कधी दिसायला सारखीच असते! घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर रंगीत टेप लावून ठेवा. बॅटरी जिन्यात किंवा बाहेर जायच्या दाराशी चार्जिंगला लावू नका, आग लागलीच तर वाटच बंद होते. आपटलेली, फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीही चालत असली तरी. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरलेली नाही आणि पूर्ण रिकामी तर नाहीच.

थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायची मूठ किंवा बटण, हवा की नको यावर माझ्या घरातच दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं, गुडघा दुखत असेल किंवा चौकातून पटकन निघायचं असेल तर असू दे, पण सगळी फेरी त्यावरच मारायची असेल तर सरळ स्कूटर बघा.

आणि ट्रायल घेताना दुकानदार सगळ्यात जास्त असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, लावून देईल, भुर्रकन जाल, खूश व्हाल. ते झालं की मोटर पूर्ण बंद करून तीच सायकल निदान दहा मिनिटं चालवा, एखादा छोटा चढही घ्या, खाली उतरून थोडी ढकला, पुढचं चाक पायरीवर चढवून बघा. दुकानदार घाई करेल, करू दे.